वरनं टाकलेला भंडारा

"वर ये गं. आज तुला मोकळीक हाय."

देवळाच्या सभामंडपातनं आण्णांनी हाक मारली. आण्णा म्हंजी आमच्या गावचे कारभारी. मी पायरीच्या खाली उभी. लगीन होऊन ह्या गावात आले तवापासनं मी त्याच पायरीपशी हात जोडत आले. ओढ्यापलीकडच्या आमच्या आळीची हद्द तिथवरच. तसं कुठं लिवलेलं न्हाई, पन पोरासोरांनाबी ठावं असतं. आन आज मला वर बोलवत व्हते. मान द्यायला न्हाई. सरपंचकीचा अर्ज मागं घे म्हनून देवाम्होरं शपथ घालायला.

ह्या बारीला सरपंचाची जागा बाईची पडली, आन खुली. म्हंजी कुनाबी जातीच्या बाईनं उभं ऱ्हावं. आण्णांनी त्यांची सून उभी केली. सून ऱ्हाती पुण्यात, गावात येती सणाला. बिनविरोध करायचं ठरलंवतं. आन मधी मी तडमडले.

"तुमच्यासाठी राखीव पडंल तवा ऱ्हा की उभी. तवा आमीच तुला निवडून आनू. ही जागा आमची हाय." असं आण्णा घरी येऊन बोलले. घरी म्हंजी अंगनात. आत ते येत न्हाईत. खुली जागा म्हंजी त्यांची. घ्या!

मला खुर्चीची हौस न्हवती. माजी सासू भर पावसाळ्यात गेली. वेल्ह्याकडचा पाऊस त्यो, आठ-आठ दिस उघडत न्हाई. गावाला स्मशानाची शेड हाय, सरकारनं बांधलेली, वर पत्रा, खाली लोखंडी जाळी. आमचं मढं तिथं चालत न्हाई. ओढ्याकाठी उघड्यावर सरन रचलं. पेटंना. टायर घातले, डिझेल ओतलं. अर्धी जळालेली म्हातारी आन वरनं धो-धो पानी. माजा नवरा शेडच्या पत्र्याकडं बघत रडत व्हता. ग्रामसभेत म्या इचारलं, आमाला शेड का न्हाई? "बघू," म्हनले. मग म्या अर्ज भरला.

अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिस. वेल्ह्याला तहसीलला न्यायला जीप देवळाम्होरं तयार. खरं सांगते, मी मागं घ्यायलाच आलेवते. नवरा आण्णांचा दुधाचा टेम्पो कापूरहोळला न्यायचा. आमचं पोट त्यांच्या हातात. आदल्या दिशी नवरा माज्या पाया पडला. नवराच पाया पडल्यावर बाईनं काय करायचं?

पायऱ्या चढले. भैरोबा पयल्यांदा येवढ्या जवळनं बघितला. समदा गाव बसलेला. बेलभंडार उचलायचा म्हंजी हातावर बेलाचं पान आन हळद घेऊन देवाला शबुद द्यायचा. मोडला तर घर बसतं म्हनतात. मीबी मानायचे. आधी गावातल्या म्हाताऱ्यांनी उचलला, बिनविरोध करायचं म्हनून. पुजाऱ्यानं एकेकाचा हात हातात धरून त्यावर भंडारा ठेवला. मग माजी पाळी. म्या वंजळ म्होरं केली. पुजारी मागं सरला, हात उंच केला आन वरनं भंडारा सोडला. थोडा वंजळीत, थोडा पदरावर, ऱ्हायलेला फरशीवर.

शपथ घ्यायला मी चालते. हात लागायला न्हाई.

"काका, हातात का न्हाई दिला?" म्या इचारलं.

पुजारी आण्णांकडं बघाया लागला. आण्णा हसले. "त्यात काय येवढं? देव हाय ना म्होरं. घे शपथ, जीप थांबलीया."

सासू आठवली. अर्धी जळालेली. माजं डोस्कंच फिरलं. म्या वंजळ पालथी केली. समदा भंडारा फरशीवर.

"मी न्हाई अर्ज मागं घेत," म्हनले आन पायऱ्या उतरले.

मागनं कुनीतरी बोललं, "लई माज आलाय." व्हय, आला. इतक्या वर्सांनी एकदा आला.

दुसऱ्या दिशी नवऱ्याकडनं टेम्पोची चावी काढून घेतली. आण्णांनी आमच्या आळीतल्या समद्या गड्यांना पायरीपशी बोलवलं आन बेलभंडार उचलायला लावला, मत सुनंलाच द्यायचं म्हनून. देवाचा भंडारा सांडला म्हनून आळीबी माज्यावरच उलटली. बाया नळावर मला बघून हंडा उचलायच्या. एकीची म्हैस गाभडली, त्येचंबी खापर माज्यावर. नसरापूरला पत्रकं छापली, एकटी दारोदार फिरले. गावात निदान पत्रक घेतलं. आमच्या आळीत दारं लावली. लई जिव्हारी लागलं ते.

निकालाला माजी मतं वाचली तवा लोकं हसली. आळीत जेवढी घरं तेवढीबी न्हवती. आण्णांनी गुलाल उधळला. सून सांजच्याला पुण्याला गेलीबी.

घरी आले. नवरा भाकरी मोडत व्हता. वर न बघता बोलला, "म्याबी तिकडंच दिलं. बेलभंडार उचललावता."

"तुलाबी वरनंच टाकला का?" म्या इचारलं.

त्यानं ताट बाजूला सारलं.

आता पावसाळा तोंडावर आलाय. शेजारचे म्हातारबा अंथरुनाला खिळलेत. सरपंचकीची वाट बघत मी बसनार न्हाई. आमच्या आळीतनं म्होरलं मढं निघंल ते शेडमधीच जाईल. नवरा येनार न्हाई, आळी येनार न्हाई, ठावं हाय मला. बाईनं खांदा द्यायचा नसतो म्हनतील. देईन. पोलीस बोलावतील. बोलवा.

आन ते मढं माजंच असलं, तर भोरला कालेजात जानाऱ्या माज्या पोरीला बजावून ठेवलंय. शेडच्या दारात ठेव. कुजलं तरी ठेव. पन मला ओढ्याला न्यायचं न्हाई.