धिरयो थांबवायला गेलो तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता निवृत्त झालोय, कुणी जाब विचारणार नाही — तरी तुम्हाला सांगायला बसलो आणि छातीत धडधडायला लागलं. ही धडधड भीतीची असती तर बरं झालं असतं. ती भीतीची नाही.

गोव्यात, पेडण्याला मी संयुक्त मामलेदार होतो. मामलेदार म्हणजे जमिनीचे कागद, असं लोकांना वाटतं. पण त्याच खुर्चीत कार्यकारी दंडाधिकारीही बसलेला असतो. देवळात पालखीवरून दोन गटांची जुंपली, रस्त्यावर जमाव बसला, की जायचं मीच. मी हुकूम द्यायचा, मग पोलिसांनी पुढे व्हायचं. गावात कुणाचं रक्त सांडू नये, एवढ्यासाठी मला पगार मिळायचा. आणि मी ते काम चांगलं करायचो — हेही खोटं नाही.

पण मी डिचोलीकडच्या खेड्यातला. बाबांच्या खांद्यावर बसून मी धिरयो बघितलेली, बैलांची झुंज. पुढे बंदी आली, मी अधिकारी झालो, बंदीच्या बाजूने चार ठिकाणी भाषणंही ठोकली. आतलं काय गेलं होतं? काहीच नाही.

एका शुक्रवारी सुमती नावाची बाई कचेरीत आली. तिचा नवरा विष्णू रविवारी दुपारी आपला बैल धिरयोला उतरवणार होता. मागच्या खेपेला शिंग विष्णूच्याच बरगडीला घासून गेलं होतं. नवऱ्याची चुगली करायला आलेली बाई — मान वर करत नव्हती.

"साहेब, तो माझा आयकना. तुमी येवा," ती म्हणाली.

मी येतो म्हटलं. आदेश काढला, फौजदाराला सोबत घेतलं. रविवारी काजूच्या झाडांमागे जीप उभी केली आणि बांधाआडून खाली पाहिलं. कापणी झालेलं शेत, चारी बाजूंनी माणसं, आणि बैल — बैल अजून दोन टोकांना उभे होते! विष्णूचा तांबूस, कपाळावर शेंदूर. समोरचा काळा, बुटका, मानेचा हा एवढा गठ्ठा. दोघेही खुराने माती उडवत होते.

"सर, थांबवू?" फौजदाराने विचारलं.

मी म्हटलं, "थांब."

का म्हटलं? अजून सुरुवात झालेली नाही, गुन्हा घडू दे, असं काहीतरी त्याला सांगितलं. मग कासरे सुटले. शिंगांवर शिंगं आदळली आणि तो आवाज — अहो, तो आवाज माझ्या दातांत घुमला! तांबूस मागे रेटला गेला, गुडघ्यावर आला, आता संपलं म्हणेपर्यंत मान खाली घालून असा उसळला की काळा दहा पावलं फरफटला. माणसं ओरडत होती. माझ्या मुठी वळलेल्या. फौजदाराने पुन्हा विचारलं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता हात आडवा केला.

विष्णू काठी घेऊन आपल्या बैलाच्या मागे धावला, त्याला चेव द्यायला. तेवढ्यात काळ्याने अंग काढून घेतलं, वळला, आणि विष्णू त्याच्या वाटेत आला. शिंग मांडीत गेलं. मी ते पाहिलं. अगदी नीट पाहिलं.

आणि मग — हेच ते, जे कधी सांगितलं नाही — माणूस मातीत पडलेला असताना माझी नजर त्याच्यावरून उठून बैलांवर गेली. पळालं कोण? काळा पळाला होता. तांबूस जिंकला होता, आणि मला आनंद झाला. त्यानंतर मी शिट्टी वाजवायला सांगितलं.

अहवालात लिहिलं की आम्ही पोहोचलो तेव्हा झुंज संपलेली होती, एक इसम जखमी अवस्थेत आढळला. फौजदाराने वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. वर्षभर एकाच आवारात होतो, पण पुन्हा त्याने माझ्यासोबत चहा घेतला नाही.

विष्णूचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. काही महिन्यांनी सुमती दाखल्यावर सही घ्यायला आली. मला वाटलं, हिला कळलंय. ती म्हणाली, "साहेब, तुमी तरी धांवत इल्यात. दुसरो कोण येता?"

बोलायची वेळ हीच होती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"थोडा उशीर झाला," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू माझीच समजूत काढत होती. दाखला पदराखाली धरून ती जिना उतरली. खिडकीतून दिसलं, विष्णू खाली रिक्षात बसला होता. तिने त्याला काहीतरी सांगितलं, वर बोट केलं. त्याने मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

मीही जोडले.