एष्टीचं म्हना!

हिर्डोशीला पहिल्यांदा एष्टी आली, तेव्हा तिच्या स्वागताला आमच्या गाण्याच्या पार्टीनं एक गाणं रचलं. पार्टी म्हणजे आम्ही चौघं, एक ढोलकी आणि माझी पेटी. गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि आम्ही आमचं पहिलंवहिलं गाणं म्हटलं. लोक बेहद्द खूश झाले. तिथंच आमचं वाटोळं झालं.

पुढं मी शिक्षणावर गाणी रचली, दारूबंदीवर रचली, हळदीचीही रचली. दोन ओळी होतात न होतात तोच मागून हाळी यायची, "आता एष्टीचं म्हना!" हमरस्त्यावरच्या कामथडी गावाच्या दारावरून दिवसभर गाड्या जातात, पण तिथल्या वरमाईलाही तेच हवं. एका जलदान विधीलाही फर्माईश झाली. मयताला एष्टी फार आवडायची म्हणे!

एका पावसाळ्यात घाटाकडचा रस्ता खचला आणि गाडी बंद झाली. दिवाळी उलटली तरी ती बंदच. तशात गावात लग्न निघालं. आम्ही वऱ्हाडाबरोबर पायी निघालो; नवरदेवाच्या हातात वहाणा, माझ्या डोक्यावर पेटी. चढाला एक म्हातारी धापा टाकत म्हणाली, "पेटीवाल्या, एष्टीचं म्हन की. पाय उचलंना झालेत."

माझं टाळकंच सरकलं. "आजी, एष्टी हाये कुठं?"

"आरं, ती असती तर ह्या चढाला तुझं गानं कुनी मागितलं असतं?"