सरांचे जोडलेले हात

आमच्या क्लासात गुरुपौर्णिमेला सरांच्या पायाशी नारळ ठेवून पाया पडायची पद्धत होती. त्या वर्षी माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून आईने मला डाव्या हाताने पाया पडायला लावलं. "नीट वाक," असंही वर म्हणाली. मी वाकले. वाकताना मनात सरांना काय म्हणाले ते चारचौघांत लिहिण्यासारखं नाही.

तो हात मोडला सरांमुळे. जिम्नॅस्टिक्सच्या उंच बारवर झोका घेऊन हात सोडायचे, हवेत उलटायचं आणि पुन्हा बार पकडायचा, असा एक प्रकार असतो. नवीन शिकताना सर खाली दोन्ही हात वर करून उभे राहतात. मुलगी चुकली तर तिला झेलायचं, एवढंच त्यांचं काम. त्या दिवशी मी बार सोडला आणि नेमके त्याच वेळी दारात नगरसेवक आले. सर तिकडे वळले, नमस्कार करायला. मला वरून दिसले ते त्यांचे जोडलेले हात. पुढच्या क्षणी मी कोपरावर आपटले होते.

"हिने हाताला पावडर नीट लावली नव्हती, म्हणून घसरली," सरांनी आईला सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा. आईने मान डोलावली आणि घरी आणून मलाच झापलं. मी रडून रडून सांगत होते, नगरसेवक आले होते गं, सरांचं लक्षच नव्हतं. "सर सांगतात ता खरा," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली. कोपराचं दुखणं महिन्या-दोन महिन्यांत गेलं. हे वाक्य काही गेलं नाही.

पुढे मी राज्यात पहिली आले. मग पुन्हा पहिली आले. मग राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं, तेही बारवरच, त्याच कोपराने. लोक विचारायचे, एवढी जिद्द आणतेस कुठून? जिद्द कसली डोंबलाची, राग होता तो. दर वेळी हात सोडला की मला खाली तो नमस्कार दिसायचा आणि मी बार असा आवळायचे की जणू सरांची मानगूटच हाती लागली आहे. पनवेलच्या नाक्यावर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला तेव्हा त्यावर सरांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता. सत्कारात माइक हातात घेऊन ते म्हणाले, "हिचा हात मोडला तेव्हा मीच हिला उभी केली." खाली पहिल्या रांगेत बसून आई टाळ्या वाजवत होती.

खेळ सुटल्यावर मी कामोठ्यात स्वतःचा क्लास काढला. सरांचा क्लास तोवर बंद पडला होता. आणि गेल्या वर्षी एका संध्याकाळी ते नातीचा हात धरून माझ्या दारात उभे.

"मॅडम, हिला पदरात घ्या. पोरीला बारचं वेड आहे आणि इकडे बार फक्त तुमच्याकडे आहेत."

मॅडम म्हणे. मला ढब्बे म्हणून हाक मारणारा माणूस. नात गोड होती, तिचा काहीच दोष नव्हता. पण नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि ते नाक इतक्या वर्षांनी माझ्या चिमटीत आलं होतं. मी का सोडू?

"घेते," मी म्हटलं. "पण आधी माझ्या घरी या. माझा हात कसा मोडला ते माझ्या आईला तुमच्या तोंडाने सांगा."

"अगं, किती जुनी गोष्ट ती."

"तुमच्यासाठी जुनी असेल, सर."

रविवारी ते आले. आईने चहा ठेवला. मी खुर्ची ओढून अगदी समोर बसले, चेहरा नीट दिसावा म्हणून. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. सरांनी दोनदा घसा खाकरला.

"ताई, त्या दिवशी पोरीची काही चूक नव्हती. नगरसेवक आले, मी नमस्कार करायला वळलो. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मी आईकडे पाहिलं. आता ती त्यांना चार शब्द सुनावेल, निदान त्यांच्या पुढ्यातला चहा तरी उचलून नेईल, आणि मग माझ्याकडे वळून म्हणेल, चुकलं गो माझं. तेवढ्यासाठीच हा सगळा घाट घातला होता मी.

"माला ठाव हाय," आई म्हणाली. "मी डबा घेऊन आली होती तवा. खिडकीतनं पायलं सगलं."

"मग मला का झापलंस?"

"मंग काय करू? सरांशी भांडली असती तर तुला परत बारवर कोनी घेतली असती? पनवेलात दुसरे सर होते का? घरी बसली असतीस, माज्यासारखी."

सरांना रडताना बघायलाही मिळेल असं मला वाटलं होतं. रडले मी, आणि तेही त्यांच्यासमोर. त्यांनी चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि विचारलं, "मग उद्यापासून पाठवू ना नातीला?"

मी हो म्हटलं.