वळणावर मागं पाहजो

सुमनताई गेल्याचा निरोप हॉस्पिटलचा वॉर्डबॉय घेऊन आला, तेव्हा मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी तांदूळ निवडत होते. "सिस्टर गेल्या, बाई," एवढंच तो म्हणाला. रडू यायच्या आधी मला भीती वाटली. पारशिवनीकडच्या आमच्या गावी राहणाऱ्या दादाला, आमच्या थोरल्या भावाला, आता कळवावं लागणार होतं. ताई ख्रिस्ती झाली तेव्हापासून त्यानं तिचं नाव टाकलं होतं. तो येईल की नाही, आणि आलाच तर काय करील... यजमान तार करायला गेले आणि मी ताट मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.

ताई माझी मोठी बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा तापानं गेला. सासरचे म्हणाले, माहेरी बरी. माहेरी वहिनी म्हणाली, सासरी शोभते. मुलगी म्हणजे परक्याचं धन म्हणतात, पण ताईचा परकाच उरला नव्हता, तेव्हा हे धन ठेवायचं कुठं असा सगळ्यांनाच प्रश्न पडला. कुठंही गेली की हातात पाण्याचा पेला देता देता लोक विचारायचे, "किती दिवस हायेस वं?" त्या प्रश्नाला ती इतकी भ्यायची की पिशवी कधी पुरती रिकामीच करायची नाही. एकोणीसशे साठच्या सुमाराला ती नागपूरला मिशनच्या हॉस्पिटलात आया म्हणून लागली, मग नर्सिंग शिकली, सदर भागात तिला एका खोलीचं क्वार्टर मिळालं आणि एका ईस्टरला तिनं बाप्तिस्मा घेतला.

काहून घेतला, असं मी तिला एकदा विचारलं. मला वाटलं, काही मोठा साक्षात्कार सांगेल. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "प्रार्थनेले मांगच्या बाकावर बसत होती मी, पिशवी मांडीवर घेऊन. एक दिवस पाह्यतो तं पिशवी खाली ठेवलेली. कवा ठेवली, मलेच ठाऊक नाही. कोनी विचारलंच नाही वं, किती दिवस राह्यतं म्हणून. प्रभूनंही नाही."

बाप्तिस्म्याची बातमी गावात पोचली तसा दादा तिच्या क्वार्टरवर आला. अंगणातच उभा राहिला, पाण्यालाही शिवला नाही. "आमच्यासाठी तू मेली," म्हणाला आणि निघाला. आमच्यात मयताला अग्नी देऊन घाटावरून परतताना मागं वळून पाहत नाहीत. पाहिलं तर गेलेलं माणूस मागं येतं म्हणतात. दादा तसाच मान ताठ ठेवून गेला. ताई दारात उभी होती. तो वळणावरून दिसेनासा झाला, पण त्यानं वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून तिला एक सवयच लागली. कुणीही निघालं की ती दारात येणार आणि सांगणार, "वळणावर गेल्यावर मागं पाहजो." दूधवाल्यालासुद्धा सुटका नव्हती. तुझ्याकडून निघालं की मानेत उसण भरते, असं मी चिडवायची, ती हसायची. पण निघालेलं माणूस वळेपर्यंत तिनं चौकट कशी घट्ट धरलेली असायची, ते मी पाहिलं होतं.

शेवटची भेट वॉर्डातली. तिचा आवाज खोल गेला होता. "मले दोन भेव हायेत," ती म्हणाली. "दादा येईन अन् मले माह्या लोकांतून उचलून घाटावर नेईन. अन् दुसरं... तो येनारच नाही." मोठं कोणतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दुसरं."

दादा आला. बसनं आला होता, हातात नवं मडकं आणि कोरं पांढरं कापड. घाटावर भावानं जे न्यायचं ते घेऊन आला होता. ताईची शवपेटी क्वार्टरच्या अंगणात ठेवलेली होती, चर्चचे पाळकसाहेब तिच्याजवळ उभे होते.

"हिले कुठं नेता?" दादानं विचारलं.

"आमच्या कबरस्तानात. तिची तशी इच्छा होती," पाळकसाहेब म्हणाले. "पण तुम्ही भाऊ आहात. तुम्ही हो म्हटल्याशिवाय उचलणार नाही."

दादा अंगणभर पाहत राहिला. नर्सेस होत्या, आया होत्या, तिनं कधीतरी शुश्रूषा केलेले कितीतरी लोक रडत होते. "हे सारे कोन?" त्यानं मला हळूच विचारलं. शेजारची म्हातारी आया डोळे पुसत म्हणाली, "घरचेच होओ आमी तिच्या."

दादा आत गेला, मडकं तिच्या खोलीत पाण्याच्या ओट्यावर ठेवून आला आणि म्हणाला, "चाला मंग."

कबरीत सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, त्यानंही टाकली. मग तो पुढं निघाला, तसाच, मान ताठ ठेवून. त्याच्यामागं मीही तशीच. लहानपणापासूनचा धाक, मान वळेना. ताईला पुन्हा तसंच टाकून चाललो होतो. फाटकाशी रस्ता वळतो तिथं दादा थांबला, फाटकाचा गज धरला आणि वळून पाहू लागला.

"दादा, मांगं पाहू नये," माझ्या तोंडून निघून गेलं.

"येऊ दे," तो म्हणाला. "आली मांगं तं येऊ दे."

मागच्या आठवड्यात क्वार्टरवर गेले होते. तिथं आता नवी नर्स राहते. तिनं मला पाणी दिलं, त्याच मडक्यातलं. ते कशासाठी आणलं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं, तरी मी सगळं पाणी प्यायले. निघाले, तर वळणावर मान आपोआप मागं गेली. दारात कुणी नव्हतं. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले.