कपडे बदलायच्या खोलीतलं विद्यापीठ

पालघरला आम्ही उतरलो तेव्हा कुलसचिव भोगले यांच्या हातात दोनशे गुळगुळीत पुस्तिकांचा गठ्ठा होता आणि माझ्या हातात आम्हा दोघांच्या वळकट्या. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. देशावरच्या एका लहान विद्यापीठात मी अर्थशास्त्र शिकवीत होतो, तेही हंगामी. आमच्याकडं तीन इमारती, नऊ विभाग आणि दरवर्षी आटत जाणारे विद्यार्थी होते. तत्त्वज्ञानाला दोन प्राध्यापक आणि एक विद्यार्थी. तो आजारी पडला की विभागाला सुट्टी. पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत नवं उत्पन्न उभं राहिलं नाही, तर आम्हा अकरा हंगामी मास्तरांना नारळ मिळणार हे ठरल्यातच जमा होतं.

कुलगुरू अप्पासाहेब कुठल्याशा परिसंवादातून ‘नावीन्य’ हा शब्द घेऊन आले होते. त्यांनी व्यवस्थापनाची पदविका काढायचं ठरवलं आणि तिला गिऱ्हाईक शोधायला आम्हाला बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडं पाठवलं. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला पैसा कुठं असतो ते ठाऊक असणार, असा त्यांचा भाबडा समज.

स्टेशनबाहेर उसळपाव खाल्ला. भोगल्यांनी ताडगोळा दाबून पाहिला आणि त्याचं पाणी स्वतःच्या शर्टावर उडवून घेतलं. मग बोईसरची एसटी. दोन्ही बाजूंना भाताची सुकी खाचरं, गवताच्या गंजी, ताडांच्या रांगा. बोईसर मात्र डोळ्यांआधी नाकाला भेटतं. भोगल्यांनी रुमाल काढला, तसा शेजारचा कामगार हसला.

“नये हो? दो दिन में आदत पड़ जाएगी.”

रसायनांच्या एका कारखान्यात सबनीस नावाच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला चहा पाजला. कामगार नेमायचं काम त्यांच्याकडं. भोगल्यांनी अभ्यासक्रम वाचायला घेतला. पहिला पेपर ‘व्यवस्थापनाचा इतिहास : प्राचीन काळ’. सबनीसांनी प्राचीन काळ संपेपर्यंत धीर धरला.

“साहेब, मॅनेजर माझ्याकडं पुष्कळ आहेत. ते एकमेकांचं व्यवस्थापन करतात. मला व्हॉल्व्ह उघडण्याआधी त्याच्यावरची पाटी वाचणारा माणूस द्या.”

त्यांनी एका कामगाराला बोलावलं. देवजी, मनोरच्या बाजूच्या मासवण गावचा. कोपरापर्यंत हाताला पट्टी होती.

“काय झालं, देवजीभाऊ?” मी विचारलं.

“पाटीवं इंग्रजी लिवलेलं. मला वाटलां पानीच हाय. पानी नव्हतां.”

सबनीसांनी तो व्हॉल्व्ह दाखवायला नेलं, तेव्हा भोगल्यांनी पाटीवरचं इंग्रजी वाचून पाहिलं. त्यांनाही ते पाणी नाही हे कळलं नाही. ते त्यांनी सबनीसांना सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

“शिकायला याल आमच्याकडं?” मी देवजीला विचारलं.

“कुठं?”

मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. तो माझ्याकडं नीट बघत राहिला. आपली चेष्टा चालली आहे का हे ताडत असावा.

“तितं येऊन खाऊ काय? हितंच शिकवा. पाळी सुटली का कपडे बदलाच्या खोलीत बसतो आमी. येक तास.”

सबनीस म्हणाले, “हे करत असाल तर फी कारखाना भरेल. पण परीक्षा व्हॉल्व्हसमोर उभं राहून. कागदावर नाही.”

बाहेर आल्यावर भोगले कडाडले, “कपडे बदलायच्या खोलीत विद्यापीठ? मग पदवीदान कुठं, न्हाणीघरात?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा समुद्रकाठच्या नवापूरला वळवली. मच्छीमारीचा अभ्यासक्रम काढू, पुस्तिका वाया जायला नकोत. किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील लटकत होते. जानकीबाय नावाची एक उंच बाई ते उलटत होती. भोगल्यांनी नावीन्य समजावलं.

“कोन शिकवनार? तू?” तिनं विचारलं. (कोळीवाड्यात लहानथोर सगळ्यांना ‘तू’च.) तिनं एक बोंबील त्यांच्या हातावर ठेवला. “सांग, ह्यो वाळलाय का वला हाय?”

भोगल्यांनी दाबला, हुंगला. “वाळलाय.”

आजूबाजूच्या बायका पोट धरून हसल्या. जानकीबाय हसली नाही.

“माजी पोर बारावी पास हाय. दोन वरसां घरी बसलीय. कंपनीत इचारतात, तुला येतां काय? तिला काय नाय येत. मंग तुमच्यासारक्यांनी बारा वरसां शिकवलां काय?”

भोगल्यांनी बोंबील परत दोरीवर लटकवला. मी सुकट (वाळवलेला जवळा) मागितली. बांधायला कागद नव्हता. तिनं गठ्ठ्यातली एक पुस्तिका ओढून घेतली, पानं फाडली आणि झकास पुडा बांधून दिला. आतली सुकट घरी पोचेपर्यंत सांडली नाही. त्या पुस्तिकेची मला माहीत असलेली ही एकमेव फलश्रुती.

परतल्यावर भोगल्यांनी साठ पानी अहवाल लिहिला. व्यवस्थापनासाठी नवी इमारत, तिला मनोरा. मी कपडे बदलायच्या खोलीतल्या वर्गाची एका पानाची सूचना जोडली. विद्वत्सभेनं अहवाल टाळ्यांत मंजूर केला आणि माझं पान मात्र ‘विद्यापीठास खर्च नाही’ या तीन शब्दांमुळं न वाचता पास झालं. मनोऱ्याची कोनशिला बसली. तिच्यावर बकऱ्या बसू लागल्या.

मी आणि रसायनशास्त्राच्या शिंदेबाई पालघरला खोल्या घेऊन राहिलो. घामट कपड्यांखाली बाकावर पंचवीस माणसं बसत. शिंदेबाई पाट्या वाचायला शिकवीत. मी सुरक्षेचे नियम शिकवी. कारखान्याच्या पुस्तकातून आदल्या दिवशी पाठ करून. व्हॉल्व्हसमोरच्या परीक्षेला आधी मास्तर, असा सबनीसांचा आग्रह. मी नापास झालो, दुसऱ्या खेपेला काठावर सुटलो. पंचवीसांतले एकोणीस पास झाले, देवजी पहिला. मग शेजारच्या कारखान्याचं बोलावणं आलं, मग तिसऱ्याचं. विद्यापीठात पगार वेळेवर होऊ लागले, तशी अप्पासाहेबांना आमची आठवण झाली.

ते स्वतः प्रमाणपत्रं वाटायला आले, झगा घालून. कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी नालंदेपासून सुरुवात केली. तक्षशिलेपर्यंत पोचले असतील, तेवढ्यात भोंगा वाजला. एकोणीसच्या एकोणीस माणसं उठली आणि एका रांगेत, न धावता, बाहेर पडली.

“ही काय शिस्त?” अप्पासाहेब ओरडले आणि पुन्हा तक्षशिलेकडं वळले.

धोक्याचा भोंगा वाजला की हातातलं टाकून बाहेर पडायचं, हा धडा मीच शिकवला होता. आणि मी वाकून टेबलावरची प्रमाणपत्रं गोळा करत होतो. डोळे चुरचुरू लागले. खोकल्यानं तक्षशिला बंद पडली.

दार ढकलून देवजी आत आला. त्यानं एका हातानं अप्पासाहेबांचा झगा धरला, दुसऱ्यानं माझी कॉलर.

“मास्तर, कागद टाका! वारा येतोय तिकडं चला!”

फाटकाबाहेर वाऱ्याकडं तोंड करून आम्ही उभे राहिलो. शेजारच्या शेडमध्ये नळीचा जोड सुटला होता. अर्ध्या तासात तो बंद झाला आणि कुणाला काही झालं नाही. मला मात्र शरमेनं बराच वेळ देवजीकडं बघवेना.

परतीच्या गाडीत अप्पासाहेबांनी विचारलं, “तो मनुष्य कितवी शिकलाय?”

“तिसरी.”

विरारपर्यंत ते झग्याची घडी मोडत आणि पुन्हा घालत राहिले. मग म्हणाले, “मनोरा तूर्त राहू द्या.” वार्षिक अहवालात मात्र सगळं श्रेय ‘कुलगुरूंच्या दूरदृष्टी’ला गेलं. त्या दूरदृष्टीला खोलीचं दार दिसलं नव्हतं, हे छापायला जागा उरली नसावी.

जूनअखेर आम्ही अकराही जण कायम झालो. ते देवजीला सांगायला मी कारखान्यात गेलो, तर तो रजेवर, आवणीला (भातलावणीला) गेलेला. मी मासवणची एसटी धरली. गुडघाभर चिखलात तो आणि त्याची बायको रोपं लावत होते. मी बांधावरूनच बातमी सांगितली, जरा भाषणासारखी. अप्पासाहेबांच्या सहवासाचा परिणाम.

“बरां झालां,” तो पाठ सरळ न करता म्हणाला. “मंग या खाली. येक ओळ लावा.”

मी विजार गुडघ्यावर दुमडली आणि उतरलो. लहान विद्यापीठं कशी जगवावीत यावर पुढं मला पुष्कळ ठिकाणी व्याख्यानाला बोलावलं गेलं, हारही पडले. पण त्या दुपारी मन लावून लावलेली माझी ओळ देवजीच्या बायकोनं पाहिली आणि ती माझ्या मागून येत एकेक रोप उपटून पुन्हा नीट लावत गेली.