जेवल्यावर एक गोळी

रक्ताचे नमुने फ्रीजमध्ये साठतात आणि किस्से डोक्यात. नमुन्यांना निदान लेबल तरी असतं. जोशी मॅडमच्या ब्लड कॅन्सर विभागात लॅब टेक्निशियन म्हणून इतकी वर्षं काढलीत की कुठला किस्सा कधीचा, हे आता मलाही सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी पुंडलिकनगरहून सायकल मारत पोचलो, तेव्हा मॅडम मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या होत्या. नाव विचारायच्या आधी म्हणाल्या, "तुम्हाला काही आजार?"

"नाही मॅडम."

"मग थोडं रक्त द्या."

संशोधनात पेशंटच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसांचं रक्त लागतं. त्यासाठी मॅडमनी वॉचमनपासून व्याह्यांपर्यंत कुणालाही सोडलं नाही. त्यांच्याकडचं आमंत्रण आलं की नातेवाईक म्हणे आधी फोन करतात, "उपाशीपोटी यायचं का?"

*

मॅडम भटजींच्या घरातल्या, पण उपासतापास त्यांनी कॉलेजातच सोडले. भूक सहन होत नाही. दुपारी एकला डबा उघडायचा म्हणजे उघडायचाच.

एकदा बरोबर एकला मोठे साहेब तपासणीला आले. मॅडम म्हणाल्या, "आधी वांग्याची भाजी खा, मग चुका काढा."

साहेबांनी तीन पोळ्या खाल्ल्या. चुका राहूनच गेल्या.

*

सुमनबाई पिशोरच्या. त्यांचा कॅन्सर रोजच्या एका गोळीवर ताब्यात राहणारा. गोळी जेवल्यावर घ्यायची आणि रिकामं पाकीट दाखवल्याशिवाय नवीन मिळायचं नाही, हा मॅडमचा नियम. सुमनबाईंची पाकिटं दोऱ्यानं बांधलेली, एकही गोळी शिल्लक नाही. मॅडम ती बाकीच्या पेशंटना दाखवायच्या, "हे बघा, शिका जरा."

आणि त्याच सुमनबाईंचा रिपोर्ट एका वर्षात दोनदा बिघडला. तिसऱ्यांदा बिघडला तर ही गोळी बंद करावी लागणार होती. पुढचं औषध कडक, ते त्यांच्या हृदयाला झेपेल याची खात्री नव्हती. मला फार वाईट वाटत होतं. मॅडमना झोप लागत नव्हती.

*

एका सोमवारी सुटी आली, तेव्हा मॅडम मला घेऊन थेट पिशोरला गेल्या. विहीर पाहिली, चूल पाहिली, फवारणीचे डबे पाहिले. पाणी कुठलं, शेती किती, घरात कोण कोण, तासभर विचारत होत्या. सुमनबाईंची लेक पोहे घेऊन आली, तिलाही विचारलं, काय काय खातेस?

शेजारीण बराच वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ते समदं ठीक हाय, पण मुलगा काय करतो वो तुमचा?"

आम्ही पोहे खाल्ले. सुमनबाईंनी नुसता चहा घेतला. मी ते पाहिलं, पण मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

*

पुढच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा एक वाजला होता. मॅडमनी डबा पुढं केला.

"नको मॅडम, गुरुवार हाय. उपास."

"मग आजची गोळी?"

"जेवल्यावर घ्या म्हणला व्हता ना तुम्ही. आज जेवले नाय."

मॅडमचा घास हातातच राहिला. "मग पाकिटं रिकामी कशी?"

"उपासाच्या दिवशीची गोळी काढून डब्यात ठेवते. पाकीट भरलेलं दिसलं की तुम्ही लई रागावता."

"किती उपास करता?"

"सोमवार पहिल्यापासून. गुरुवार औंदा धरला."

"आजपासून दोन्ही बंद."

सुमनबाईंचे डोळे भरून आले. "सोमवारचं महादेव समजून घेईल. पण गुरुवार बोललेला हाय मॅडम. नऊच राहिलेत. मधीच कसा सोडू?"

"कुणासाठी बोललात?"

"तुमच्यासाठी. तुमचं संशोधन पार पडावं म्हणून."

मॅडमनी आपला डबा सुमनबाईंच्या पुढं सरकवला. म्हणाल्या, "तुम्ही जेवा. गुरुवारचं मी बघते."

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. चांगला आला. सुमनबाई आजही त्याच गोळीवर आहेत.

मधले नऊ गुरुवार मात्र मॅडमचा डबा मी खाल्ला.