सुमनवहिनींचं बिडाचं फाटक

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या बाजारात भाजी घेत होतो. पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, आई गेली..." मी तसाच गावाकडच्या एसटीत बसलो. आता महिना उलटला. भेटायला येणारे अजून हळू आवाजात म्हणतात, "जरा भांडखोर होत्या, पण मनानं चांगल्या." मी सांगतो, भांडखोर होत्या, आणि त्यात पण-बिण काही नाही.

लिंबागणेशची ही मुलगी माझ्या थोरल्या भावाची बायको होऊन आमच्या घरी आली. आमच्या गावात निजामाच्या काळातली बाग आहे आणि तिला बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, दोन पुरुष उंच फाटक आहे. त्याचे भाग हैदराबादेत ओतून बैलगाड्यांवर आणले आणि इथं बोल्टांनी जोडले, असं वडील सांगत. मधोमध साहेबांच्या बग्गीसाठी दोन थोरले दरवाजे, कडेला माळ्या-नोकरांना वाकून जायला लहान दिंडी. खांबांवर वेल चढवलेले, आणि खांबांच्या टोकाला सीताफळं. साचे करणाऱ्यानं आपल्या बालाघाटाची सीताफळं कुठं पाहिली असतील कोण जाणे, पण खालून त्यांचा डोळा न् डोळा दिसतो. निजामाचं राज्य गेलं तेव्हा गावच्या तरुणांनी ते थोरले दरवाजे ढकलून उघडले. त्यांत आमचे वडील होते. तेव्हापासून ते पुन्हा लागले नाहीत. आम्ही भावांनी ही गोष्ट ऐकून सोडून दिली, वडिलांच्या सुनेनं ती धरून ठेवली.

पुढं नगरपंचायतीत आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव झाली. दादानं वहिनींना उभं केलं. निवडून त्या आल्या, हार दादाच्या गळ्यात पडले. मग एक दिवस ठराव आला, की फाटक पाडून तिथं गटाच्या नेत्याच्या वडिलांच्या नावाची सिमेंटची कमान बांधायची. नगराध्यक्ष आमच्याच गटाचे. सभेत म्हणाले, "निजामाची खूण कशापायी ठेवायची?"

वहिनी उठल्या. "निजामानं ते बंद ठिवलं होतं. उघडलं माझ्या सासऱ्यानं. तुमी पाडताय ते उघडलेलं फाटक हाय."

मागच्या खुर्चीवरून दादा पुटपुटला, "खाली बस."

"बसते. आधी माझा विरोध लिहून घ्या."

ठराव मंजूर झालाच. जेसीबी आला त्या सकाळी वहिनींनी घरची खुर्ची नेऊन फाटकाच्या मधोमध टाकली. ड्रायव्हर गांगरला, यंत्र मागं घेताना फावडं खांबाला लागलं आणि एक सीताफळ तुटून त्यांच्या पायापाशी पडलं. त्या उठल्या नाहीत. दुपारपर्यंत ऊसतोडीहून परतलेल्या बायका येऊन शेजारी बसल्या. बाजाराच्या दिवशी त्या ह्याच बागेत भाकरी सोडत, इथं त्यांना कुणी हटकत नसे. "बाई बसल्यात तर आमी बी बसतो," एवढंच त्या म्हणाल्या. ऊन कलल्यावर जेसीबी परत गेला.

कमान नंतर बायपासला झाली. वहिनींना पुन्हा तिकीट मिळालं नाही आणि दादा कित्येक दिवस त्यांच्याशी धड बोलला नाही. नवे नगराध्यक्ष फायबरचं सीताफळ बसवून द्यायला निघाले, तेव्हा वहिनींनी त्यांनाही अडवलं. "ऱ्हाऊ द्या तुटकं. पोरं इचारतील, कुणी तोडलं... मग सांगता येईल."

शेवटची काही वर्षं त्या रोज सकाळी विळा घेऊन बागेत जात. फाटकाला वाढदिवसाचा बॅनर दिसला की दोऱ्या कापून खाली उतरवत. कुणाचा आहे ते बघत नसत. स्वतःच्या मुलाचाही त्यांनी ठेवला नाही.

दहाव्याच्या विधीहून परतताना आम्ही बागेपाशी थांबलो. फाटकाला आडवा बॅनर बांधलेला होता, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. वहिनींचा फोटो कोपऱ्यात, आणि कमानवाल्या मंडळींचे हसरे चेहरे त्याहून मोठे. पुतण्या घुटमळला. "आईचा फोटो हाय, काका..."

दादा घरी गेला, विळा घेऊन आला आणि त्यानं एकेक दोरी कापली.

आता तो रोज सकाळी जातो. परवा कुणीतरी विचारलं, तुम्ही कशाला ह्या वयात? दादा म्हणाला, "आमच्या घरचं काम हाय ते."